गुणपत्रकाची किंमत

पोरगं बारावी सायन्स पास झालं. गुणपत्रक पेटीत गेलं, अन् पोरगं देवगाव फाट्यावर मिळेल त्या कामाला लागलं. असं आम्ही पुष्कळदा पाहतो.

तंत्रनिकेतनात दहावीनंतर इंजिनिअरिंगची पदविका तीन वर्षांची असते. पण बारावी विज्ञान पास मुलाला, विषय जुळत असतील तर, थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही तीच सोय आहे. एक वर्षाची फी वाचते, खोलीभाडं वाचतं. थोडं झालं का हे?

जागा मात्र गुणांच्या क्रमानं मिळतात. विषयात १०० पैकी ३५ मिळाले की पास. पण यादीत वर यायला तेवढे पुरत नाहीत.

आता तुम्हांला वाचता येतं. गुणपत्रक पेटीतून काढा. विषय वाचा, गुण वाचा. मग पोराला घेऊन तंत्रनिकेतनात जा आणि अर्जाची शेवटची तारीख विचारा. शाळा सोडल्याचा दाखलाही बरोबर न्या.