कामाची जागा आणि कर्मचाऱ्याचे आरोग्य

चंदीगडची आखणी करताना ल कॉर्ब्युझिए यांनी नगराला मानवी देहाची उपमा दिली होती. उत्तरेकडील शासकीय वास्तुसमूह हे मस्तक, सेक्टर १७ हे हृदय, हिरवे पट्टे ही फुफ्फुसे आणि रस्ते या रक्तवाहिन्या. सूर्यप्रकाश, मोकळे अवकाश आणि वृक्षराजी यांचा लाभ प्रत्येक नागरिकास व्हावा, ही त्यामागील दृष्टी होती. दक्षिण मार्गापलीकडे वसलेला सेक्टर ३४ हा शहराच्या दक्षिण भागाचे उपकेंद्र म्हणून विकसित झाला. बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या आणि शिकवणी वर्ग यांच्या इमारती तेथे ओळीने उभ्या आहेत. झाडांच्या सावलीतून सकाळी आत शिरणारा कारकून बहुधा दिवेलागणीच्या सुमारासच बाहेर पडतो. मधला सारा वेळ त्याचे शरीर खुर्चीत असते. नगराच्या देहाची एवढी काळजी वाहिली गेली, पण त्यात काम करणाऱ्या माणसाच्या देहाचे काय, हा प्रश्न अशा कचेऱ्यांतून उभा राहतो.

कारखान्यातील धोका डोळ्यांना दिसतो. यंत्राचा पट्टा, भट्टीची धग, हवेतील धूळ यांविरुद्ध कायदा करता येतो. कचेरीतील धोका संथ आणि अदृश्य असतो. म्हणूनच तेथे आरोग्याचा विषय निघाला की वर्षातून एक तपासणी शिबिर, एक योगवर्ग आणि भिंतीवरील दोन भित्तिपत्रके एवढ्यावर समाधान मानले जाते. अशा उपक्रमांनी कितपत साध्य होते आणि काय राहून जाते, याचा विचार प्रस्तुत प्रकरणात केला आहे.

गिरणीतील मागण्या

कामाच्या जागेतील आरोग्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. तेथे तयार झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या तासांना मर्यादा, पगार ठरलेल्या मुदतीत आणि कामावर जखमी होणाऱ्यास भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुटी पदरात पडण्यास १८९० च्या जून महिन्यापर्यंत वाट पाहावी लागली.

या निवेदनात औषधाची वा दवाखान्याची मागणी अग्रभागी नव्हती, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शरीर कशाने झिजते हे कामगारांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून त्यांनी उपचाराआधी विश्रांती मागितली. कामगाराने स्वतःला बदलावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. काम बदलावे, असे होते.

गिरण्यांतील धुळीचा इतिहास हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची बारीक धूळ श्वासावाटे आत जाऊन बायसिनोसिस हा फुफ्फुसांचा विकार जडतो. सुटीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होणे, हे त्याचे विशेष लक्षण होय. अशा कामगारास पौष्टिक आहाराचा आणि प्राणायामाचा उपदेश केला, तरी धूळ जिथल्या तिथे राहते. धूळ निर्माण होते त्या यंत्रापाशीच ती ओढून घेणे हा पहिला उपाय. तोंडाला फडके बांधणे हा शेवटचा.

बसणे आणि उभे राहणे

कचेरीतील धूळ म्हणजे काय, या प्रश्नाचे एक उत्तर लंडनमधून मिळाले. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत जिना चढ-उतर करी. हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये अधिक आढळले. टपालखात्यातही तसेच दिसले. पायी टपाल वाटणाऱ्या पोस्टमनपेक्षा बैठे काम करणाऱ्या कारकुनांना हृदयविकाराचा धोका अधिक होता. वाहकाने व्यायामाचा संकल्प सोडला नव्हता आणि पोस्टमनने व्याख्यान ऐकले नव्हते. हालचाल त्यांच्या कामातच विणलेली होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरण केरळातील आहे. कापडाच्या दुकानांतून विक्रीचे काम करणाऱ्या स्त्रियांना दिवसभर उभे राहावे लागे. गिऱ्हाईक नसतानाही बसण्याची मुभा नसे. या स्त्रियांनी संघटित होऊन लढा दिला. परिणामी २०१८ मध्ये केरळ शासनाने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून त्यांच्यासाठी बसण्याची सोय बंधनकारक केली. एकाला उठण्याची गरज, तर दुसरीला बसण्याची. सर्वांसाठी एकच तयार योजना बाहेरून आणून चालत नाही, ती का, हे यावरून उघड होते.

अधिकाराच्या पायऱ्या

हालचालीइतकीच महत्त्वाची दुसरी बाब म्हणजे कर्मचाऱ्याचे कचेरीतील स्थान. ब्रिटिश सरकारी नोकरीतील सतरा हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी १९६७ पासून करण्यात आली. व्हाइटहॉल अभ्यास या नावाने ती ओळखली जाते. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांचा मृत्युदर सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपान, रक्तदाब यांसारखी परिचित कारणे हिशेबात धरूनही निम्म्याहून अधिक तफावतीचा उलगडा होत नव्हता. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासाने आपल्या कामावर आपला ताबा किती, या प्रश्नाकडे लक्ष वेधले. ज्यांना कामाचा वेग, क्रम आणि पद्धत यांबाबत बोलण्यास वाव नव्हता, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक दिसले.

थोडक्यात, साहेबाच्या चिंतेपेक्षा शिपायाची असहायता अधिक घातक ठरू शकते.

दोन अमेरिकी प्रयोग

अमेरिकेत आरोग्यकल्याण योजनांवर मोठा खर्च होतो. त्यांची कसोटी पाहणारे दोन प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका मोठ्या विक्री कंपनीच्या १६० शाखांत सुमारे ३३,००० कर्मचारी होते. त्यांपैकी २० शाखा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथे आहार, व्यायाम आणि ताण यांविषयी कार्यक्रम राबविण्यात आला. दीड वर्षानंतर या शाखांतील अधिक कर्मचारी आपण नियमित व्यायाम करतो असे सांगू लागले. परंतु वजन, रक्तदाब, गैरहजेरी आणि औषधोपचाराचा खर्च यांत उल्लेखनीय फरक पडला नाही.

दुसरा प्रयोग इलिनॉय विद्यापीठातील सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर झाला. तेथे असे आढळले की, जे योजनेत उत्साहाने सहभागी झाले ते आधीपासूनच अधिक निरोगी होते. सहभागी आणि असहभागी यांची नुसती तुलना केली असती, तर योजना यशस्वी झाल्याचा भास झाला असता. शिबिरातील गर्दी हे यशाचे माप नव्हे, हा धडा प्रत्येक व्यवस्थापनाने घ्यावा असा आहे.

याचा अर्थ असे सर्वच प्रयत्न व्यर्थ असतात, असा नाही. भारतातील काही उद्योगांत व्यक्ती, गट आणि आस्थापनेचे धोरण अशा अनेक पातळ्यांवर एकत्रित काम करण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात रक्तदाब आणि कमरेचा घेर यांत घट नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांत मानसिक आरोग्यासाठी कामाच्या रचनेत बदल करण्याची शिफारस केली आहे.

योजनेची आखणी

वरील विवेचनातून सेक्टर ३४ मधील एखाद्या बँकेच्या वा विमा कचेरीच्या उपयोगी पडतील अशी काही सूत्रे निघतात.

पहिले सूत्र चौकशीचे. योजना ठरविण्यापूर्वी प्रत्येक श्रेणीतील माणसाला काय दुखते हे विचारावे. खिडकीवरील रोखपालाची मान, संगणकापुढील कारकुनाची पाठ, दारावरील रखवालदाराचे पाय आणि सफाई करणाऱ्या स्त्रीचे हात यांची गाऱ्हाणी वेगवेगळी असतात.

दुसरे सूत्र सहभागाचे. निर्णय घेणाऱ्या समितीत खालच्या श्रेणीतील कर्मचारी असले पाहिजेत. ठेकेदारामार्फत आलेल्यांना वगळले, तर ज्यांना गरज सर्वाधिक तेच बाहेर राहतात.

तिसरे सूत्र क्रमाचे. आधी काम सुधारावे, मग सवयी. कामाचा अनुशेष, अपुरी माणसे, मधल्या सुटीचा अभाव, पिण्याचे पाणी, स्वच्छ प्रसाधनगृह, उजेड आणि खुर्चीची उंची यांकडे प्रथम पाहावे. दुपारी वीस मिनिटे खिडकी खरोखर बंद राहिली, तरच जवळच्या हिरव्या पट्ट्याचा उपयोग. पाळणाघराची सोय हीसुद्धा आरोग्याचीच बाब होय; २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेस ती अट घातली.

चौथे सूत्र विश्वासाचे. तपासणीचे निष्कर्ष कर्मचारी आणि वैद्य यांच्यातच राहावेत. मधुमेहाची नोंद बढतीच्या आड येईल अशी शंका असेल, तर ज्याला खरोखर आजार आहे तोच तपासणी टाळेल.

पाचवे सूत्र मोजमापाचे. किती जण शिबिरास आले, हे मोजू नये. किती जण रजा घेऊ शकले, किती जण वेळेवर घरी गेले, दुखणी कोणत्या श्रेणीत घटली आणि कोणत्या श्रेणीत नाही, हे दरवर्षी पाहावे.

यांतील बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही. अधिकार थोडा सैल सोडावा लागतो. अडचण बहुधा तेथेच येते. योगवर्ग सुरू करणे सोपे, कारण त्याने कोणाचेच वर्चस्व कमी होत नाही. एका खिडकीमागे दोन माणसे नेमणे, किंवा शिपायाला आपल्या कामाबद्दल बोलू देणे अवघड जाते. १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी मागितलेला दुपारचा अर्धा तास आज एखाद्या वातानुकूलित कचेरीत कागदोपत्री असतो आणि प्रत्यक्षात मिळत नाही. तो ज्या दिवशी शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना सारखा मिळेल, त्या दिवशी तेथील आरोग्य योजनेची खरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.