मुंबई ते नागपूर : किती लांब, किती वेळ?

बालमित्रांनो, मुंबईहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो? सुमारे दीड तास. हे मला पाठ होते. पण त्यामुळेच माझी एक मोठी चूक झाली. ती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

माझे काका मुंबईला कामाला आहेत. आमचे गाव नागपूरपासून 60 किलोमीटर. दिवाळीनंतर आजी फार आजारी पडली. सकाळी आठ वाजता काकांचा फोन आला, "विमानाने निघतो." मी धावत जाऊन आजीला सांगून टाकलं, "काका दीड तासात येणार!" साडेनऊ वाजले, दहा वाजले. आजी दाराकडेच बघत होती. पेज पण घेईना. "आला का गा माहा लेक?" असं सारखं विचारायची. मला रडूच आलं. काका आले दुपारी साडेतीनला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, "विमान वेळेवरच आले. तुझी बेरीज अर्धी राहिली." मग काकांना विचारून मी पूर्ण बेरीज केली.

घर ते विमानतळ : दीड तास
तपासणी व थांबणे : 2 तास
विमान : दीड तास
सामान घेऊन बाहेर येणे : अर्धा तास
नागपूर ते आमचे गाव : दीड तास
एकूण : 7 तास

काका साडेआठला घरून निघाले होते. साडेआठ अधिक सात, म्हणजे साडेतीन. बरोबर जुळले!

नंतर आम्ही वर्गात नकाशा घेतला. प्रमाण होते 1 सेंमी = 50 किमी. मुंबई ते नागपूर पट्टी ठेवली. साडेतेरा सेंमी भरले, म्हणजे 675 किमी. खरे अंतर सुमारे 680 किमी आहे. विमान उंचावर ताशी सुमारे 800 किमी वेगाने जाते. मग एक तासही लागू नये! पण जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, खाली उतरणे हे सावकाश होते. तो वेळही दीड तासात धरलेला असतो.

रेल्वे सरळ जात नाही. ती कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी येते. आम्ही त्या वाटेवर दोरा ठेवला. 16 सेंमी भरला, म्हणजे 800 किमी. खरे अंतर 837 किमी आहे. लहान वळणे दोऱ्यात आली नाहीत. रात्रीच्या गाडीला सुमारे 14 तास लागतात, म्हणजे वेग ताशी सुमारे 60 किमी.

समृद्धी महामार्ग 701 किमी आहे. तो 2025 साली पूर्ण सुरू झाला. तो ठाणे जिल्ह्यात आमणे येथे संपतो. तिथून मुंबई आणखी पुढे आहे.

आता आजी बरी आहे. काका रेल्वेने परत गेले, तेव्हा आजीने विचारले, "कवा पोचन गा तो?" मी लगेच बोललो नाही. आधी कागद घेतला. गाव ते स्टेशन दीड तास, थांबणे 1 तास, गाडी 14 तास, स्टेशन ते घर 1 तास. मग सांगितले, "साडेसतरा तास लागतील, आजी. तू जेवून झोप." आजी जेवली आणि झोपली.

मित्रांनो, तुमच्या घरचे कोणी दूरगावी असेल तर दारापासून दारापर्यंतची बेरीज करून बघा.

– इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी