बडोद्याचा कंदील

परवा रात्रीच्या वर्गात एक काका मागे बसून राहिले. पाट्या पुसून झाल्या, मंडळी घरी गेली, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "गुरुजी, एक विचारू का? आमची पोरगी बी. ए. झाली. आता तालुक्याला खताच्या दुकानात पावत्या फाडते. घरी आली की पुस्तकात तोंड. जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाही. कामाचं विचारलं तर डोळे भरतात. म्हणते, बाबा, दिवसभर पोती मोजायला शिकले होते का मी? तिला काय सांगायचं?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांना बाबासाहेब आंबेडकरांची एक हकीकत सांगितली. त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. तसबीर तर घरोघरी आहे. पण ते नुकते शिकून आले होते, तेव्हाची ही गोष्ट.

लहानपणी मुंबईत परळच्या चाळीत त्यांची एकच खोली. त्यातच चूल, भांडी, धूर आणि माणसं. अभ्यास करायचा कुठं? वडील रामजी सुभेदार यांनी तोड काढली. भीमाला लवकर निजवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून त्याच्या जागी आडवं व्हायचं. पोराला पुस्तक हवं आणि गाठीला पैसा नाही, असं झालं की सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडं जात. लेकीचा दागिना गहाण पडे. पेन्शन आली की सोडवून आणत.

१९१२ साली भीमराव बी. ए. झाले. पुढं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेला धाडलं. अट एकच, परत येऊन दहा वर्षं बडोद्याला नोकरी करायची. न्यूयॉर्क शहरात त्यांनी जुन्या बाजारातून सुमारे २,००० पुस्तकं घेतली. पोटाला चिमटा घेऊनच घेतली असणार. मग ते लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परत यावं लागलं. तेव्हा महायुद्ध चालू होतं. सामान आणि पुस्तकं दुसऱ्या बोटीनं येत होती. ती बोट शत्रूनं बुडवली. भरपाईचे ६०० रुपये मिळाले. त्यातले काही पत्नी रमाबाईंना दिले आणि उरलेले घेऊन ते बडोद्याला गेले.

पण उतरायचं कुठं? हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार. म्हणून ते पारशांच्या धर्मशाळेत गेले. तिथला म्हातारा रखवालदार म्हणाला, इथं फक्त पारशीच राहतात. पण बरेच दिवस कुणी उतरू आलं नव्हतं. चार पैसे सुटतील म्हणून त्यानं वाट काढली. वहीत पारशी नाव लिहायचं आणि रोजचा दीड रुपया द्यायचा. त्यात जेवण आलं.

वर एक लहान खोली. तिच्या बाहेर मोठा दिवाणखाना, त्यात फळ्या, बाकं आणि मोडक्या खुर्च्या भरलेल्या. दुसरं माणूस नाही. दिवाबत्ती नाही. रखवालदार रात्री एक लहान कंदील आणून ठेवी. त्याचा उजेड वीतभरसुद्धा पडत नसे. त्या उजेडात बाबासाहेब पुस्तक धरून बसत. वाचता वाचता एकटेपण विसरून जात. मग वटवाघळं फडफडत आणि पुन्हा सगळं आठवे.

दिवसा कचेरी. हिशेबखात्याच्या मोठ्या कचेरीत त्यांना उमेदवार म्हणून घेतलं होतं. परदेशात शिकून आलेला माणूस, पण शिपाई कागद हातात देईना, लांबून टेबलावर फेकी. कचेरीत प्यायला पाणी मिळत नसे. मला विचाराल तर काम कंटाळवाणं असणं निराळं आणि माणसाला माणूस म्हणून कामच करू न देणं निराळं. काकांच्या लेकीचं दुःख पहिलं, बाबासाहेबांचं दुसरं. दोन्हीला एक दावं लावू नये.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून ते कचेरीला निघाले होते. रात्री वाचायला आणलेली पुस्तकं परत करायची म्हणून हातात घेतली. तोच जिन्यावर पावलं वाजली. दहाबारा धिप्पाड पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण? इथं का आलास? धर्मशाळा बाटवलीस! संध्याकाळच्या आत चालता हो!

बडोद्यात त्यांचे दोन ओळखीचे होते. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू म्हणाला, तुला घरी नेलं तर माझे नोकर पळून जातील. ख्रिस्ती म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. हा नकारच होता, हे बाबासाहेबांनी ओळखलं. मग ते बागेत जाऊन बसले. तिला तेव्हा कामाठी बाग म्हणत, आज ती सयाजीबाग. रात्री आठला धर्मशाळेत जाऊन सामान काढलं. रखवालदार बाहेर आला. त्याला बोलवेना, यांनाही बोलवेना. मुकाट्यानं पैसे दिले, मुकाट्यानं त्यानं घेतले. नऊच्या गाडीनं ते मुंबईला परतले.

अठरा वर्षांनी हे सगळं त्यांनी स्वतः लिहून काढलं, तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मधल्या काळात १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. पगारातून पैसा साठवला आणि १९२० साली राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडन गाठलं. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना नावाच्या मित्रानं कर्ज दिलं. हा मित्र पारशीच होता, बरं का. पुढं दादरला बाबासाहेबांनी राजगृह बांधलं, तेही पुस्तकं मावतील असं.

हकीकत संपली. कुणी बोललं नाही. दाराजवळच्या आजी पदरानं डोळे पुसत होत्या. काका उठले, टोपी घातली.

"पोरगी रात्री वाचत बसते ना," ते म्हणाले, "तेव्हा मीच उठून बटण बंद करतो. विजेचं बिल येतं म्हणून."

आणि वही काखेत मारून घराकडं गेले.