मोटारींचा वेग व त्याची मोजदाद

भिंतीची लांबी मोजावयाची तर एक फीत पुरे. धान्याचें वजन करावयाचें तर एक तराजू पुरे. वेगाचें तसें नाहीं. धांवत्या मोटारीचा वेग सांगावयाचा म्हणजे ती कोठून कोठें गेली व त्यास किती काळ लागला, हीं दोन निरनिराळीं मापें घ्यावीं लागतात आणि एकास दुसऱ्यानें भागावें लागतें. दोहोंपैकीं एक जरी चुकलें तरी भागाकार चुकला. वर्गांतील उदाहरणांत अशी चूक झाली तर दोन गुण जातात. रस्त्यावर झाली तर निरपराध मनुष्यास दंड भरावा लागतो आणि जो खरोखर बेफाम गेला तो मोकळा राहतो. म्हणून पोलिसांच्या यंत्रावर उमटणारा आंकडा येतो कोठून व त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हें विद्यार्थ्यांनीं आणि मोटार चालविणाऱ्या त्यांच्या पालकांनींही समजून घेण्याजोगें आहे.

इंग्लंडांत वेगाबद्दल दंड झालेला पहिला मोटारवाला म्हणून वॉल्टर आर्नोल्ड याचें नांव सांगतात. केंट परगण्यांत तो आपली गाडी हांकीत चालला असतां एका पोलीस शिपायानें सायकलवरून पांच मैल पाठलाग करून त्यास गांठलें, आणि १८९६ सालच्या जानेवारींत त्यास एक शिलिंग दंड झाला. त्याचा वेग होता ताशीं आठ मैल. गांवांतून जाण्याची कायदेशीर मर्यादा होती ताशीं दोन मैल! पायीं चालणारा धडधाकट मनुष्यही ताशीं तीन मैल सहज जातो. तेव्हां या प्रकरणीं सूक्ष्म मापाचें कामच नव्हतें. दोन आणि आठ यांतील फरक ओळखावयास नुसते डोळे पुरतात.

अडचण आली ती पुढें. १९०३ च्या कायद्यानें ही मर्यादा ताशीं वीस मैल केली, आणि प्रश्न दोन कीं आठ असा न राहतां वीस कीं बावीस असा झाला. एवढा बारीक फरक डोळ्यांस दिसत नाहीं, हें कायदा करणारांसही ठाऊक असावें. कारण केवळ एका साक्षीदाराच्या मतावरून कोणासही वेगाच्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरवूं नये, अशी सूज्ञ अट त्यांनीं त्याच कायद्यांत घातली. आपल्या देशांतील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८३ व्या कलमांतही हेंच तत्त्व आढळतें. एकाच साक्षीदाराचें मत असेल, तर त्याचा अंदाज यांत्रिक साधनाच्या आधारें केलेला असला पाहिजे, असें तें कलम म्हणतें. २०१९ सालच्या दुरुस्तीनें त्यांत इलेक्ट्रॉनिक साधनाचीही भर पडली.

इंग्रज पोलिसांचें पहिलें साधन म्हणजे स्टॉपवॉच. रस्त्याचा एक तुकडा, समजा एक फर्लांग म्हणजे ६६० फूट, मोजून ठेवावयाचा. दोन्ही टोकांस कुंपणाआड शिपाई बसवावयाचे. गाडी पहिल्या खुणेवरून गेली कीं एकानें इशारा करावयाचा व दुसऱ्यानें घड्याळ चालू करावयाचें. ताशीं वीस मैलांनीं जाणारी गाडी हें अंतर साडेबावीस सेकंदांत कापते. घड्याळ दाबणाऱ्या बोटास डोळ्याचा हुकूम पोंचावयास सेकंदाचा पांचवा हिस्सा सहज लागतो. तरीहि गंमत अशी कीं, तो उशीर आरंभीं व शेवटीं सारखाच झाला तर एकमेकांत वजा होऊन जातो. चूक उरते ती दोन उशिरांतील फरकाचीच. तो फरक सेकंदाच्या पांचव्या हिश्श्याइतका झाला असें धरलें, तरी वीस मैलांचा वेग फार तर २०.२ दिसेल. यांत कोणावर अन्याय होण्याचें भय नाहीं. आतां तीच चूक ६६ फुटांच्या तुकड्यावर करून पाहा. काळ सव्वादोन सेकंद. त्यांतून पांचवा हिस्सा गेला कीं वेग दिसतो जवळजवळ बावीस. गाडी तीच, शिपाई तोच, घड्याळही तेंच. मोजलेलें अंतर दहा पटींनीं आंखूड केलें एवढ्यानेंच निर्दोषी मनुष्य गुन्हेगार ठरला. विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण स्वतः वहींत सोडवून पाहावें, कारण वेगमापनाचें अर्धें मर्म त्यांत आहे.

या सापळ्यांवर मोटारवाल्यांचा मोठा रोष होता. ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था १९०५ सालीं निघाली, ती मुख्यतः सापळ्यांची आगाऊ सूचना देण्याकरितां. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरत व सभासदांस सावध करीत. १९१० सालीं न्यायालयानें अशा एका सायकलस्वारास, पोलिसांच्या कामांत अडथळा केला म्हणून, दोषी ठरविलें. तेव्हां संस्थेनें नवी युक्ति काढली. आमचा मनुष्य दिसला कीं तो आपणांस सलाम करील. न केल्यास गाडी थांबवून त्याचें कारण विचारावें, असें तिनें सभासदांस कळविलें! सलाम न करणें हा गुन्हा कोणत्या कलमांत बसवावा, हें कोडें पोलिसांस पडलें असल्यास नवल नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्टॉपवॉचच्या जोडीस रडार आलें. अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांत ग्लास्टनबरी येथें १९४७ सालीं रस्त्यावरील मोटारींवर त्याचा प्रयोग झाला. याचें मूळ मात्र शंभर वर्षांपूर्वींचें. शिट्टी वाजवीत येणारी आगगाडी आपल्या जवळून पुढें निघून गेली कीं शिट्टीचा सूर एकदम उतरतो, हें फाटकाशीं उभें राहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. या चमत्काराचें तत्त्व ख्रिश्चन डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडलें, आणि १८४५ सालीं बाइज बॅलट या डच शास्त्रज्ञानें चालत्या आगगाडींत कर्णे वाजविणारे वादक बसवून त्याची परीक्षा घेतली. येणाऱ्या वस्तूपासून निघालेल्या लहरी दाटून येतात, जाणाऱ्या वस्तूच्या विरळ होतात. आणि हा फरक वेगाच्या प्रमाणांत असतो.

रडार स्वतःच लहरी सोडतें व मोटारीवर आपटून परत आलेल्या लहरी ऐकतें. हल्लींच्या एका प्रकारांत सेकंदास २,४१५ कोटि कंपनें असतात. गाडी ताशीं एक किलोमीटर वेगानें समोर येत असेल तर परत आलेल्या लहरींत सेकंदास सुमारें ४५ कंपनें अधिक भरतात. ताशीं साठ असेल तर सुमारें २,६८०. एवढ्या प्रचंड संख्येंत इतका अल्प फरक ओळखावा कसा? तंबोरा लावणारा जें करतो तेंच यंत्र करतें. जोडाच्या दोन तारा किंचित् बेसूर असल्या म्हणजे नाद हेलकावे घेतो, आणि दोन्ही तारांच्या कंपनसंख्येंत जितकें अंतर तितके सेकंदास हेलकावे पडतात. गेलेली लहर व आलेली लहर एकत्र करून यंत्र हे हेलकावे मोजतें आणि त्यांवरून वेगाचा आंकडा दाखवितें.

यंत्र बरोबर मोजतें कीं नाहीं हें पाहावयासही संगीतशाळेंतलेंच साधन लागतें, तें म्हणजे नादकांटा. सुमारें २,२३६ कंपनांचा नादकांटा वाजवून वर सांगितलेल्या रडारापुढें धरला तर यंत्रानें ५० किलोमीटर दाखविले पाहिजेत. ही परीक्षा सुंदर आहे. पण ती काय सिद्ध करते व काय करीत नाहीं, हें नीट ध्यानांत घ्यावें. यंत्रास मोजणी येते, इतकेंच तिनें ठरतें. मोजलेला वेग कोणाचा, याबद्दल नादकांटा कांहींच बोलत नाहीं.

आणि खरी फसगत होते ती येथेंच. रडाराचा झोत बंदुकीच्या गोळीसारखा एका रेषेंत जात नाहीं, तो पंख्यासारखा पसरतो. बारा अंशांचा झोत तीनशें मीटरांवर साठ मीटरांहून अधिक रुंद होतो. तेवढ्या जागेंत चार मोटारी असल्या तर यंत्र आंकडा दाखवितें, परंतु बोट दाखवीत नाहीं. पुढील लहानशा मोटारीपेक्षां मागून येणाऱ्या मोठ्या ट्रकचा प्रतिध्वनि जोरदार असूं शकतो. १९७९ सालीं फ्लॉरिडांतील मायामी येथें रडाराचे प्रयोग झाले, त्यांत एक ताडाच्या जातीचें झाड ताशीं ८६ मैलांनीं व एक घर ताशीं २८ मैलांनीं धांवत असल्याचें यंत्रानें दाखविलें! झाड जाग्यावरच होतें. यंत्राच्या कानीं दुसराच कांहीं संकेत पडला होता. तेथील न्यायाधीशानें सुमारें ऐंशी खटल्यांतील रडाराचा पुरावा अमान्य केला. लोक या गोष्टीस हंसतात, परंतु ज्यांचे दंड पूर्वींच वसूल झाले होते त्यांस तें हंसूं आलें असेल असें वाटत नाहीं.

रडाराचीं कांहीं चुकीचीं मापें चालकाच्या फायद्याचीं असतात, हेंही सांगितलें पाहिजे. यंत्र रस्त्याच्या कडेस असतें, म्हणून त्यास गाडीचा वेग तिरपा दिसतो व आंकडा खरा वेग गुणिले त्या कोनाची कोज्या इतका येतो. वीस अंशांच्या कोनांतून पाहिलें तर ताशीं १०० ची गाडी ९४ ची दिसते. परंतु यंत्र चालत्या पोलीस-मोटारींत बसविलें तर पारडें उलटूं शकतें. तेथें यंत्र समोरून येणाऱ्या गाडीचा व आपला असा एकत्रित वेग मोजतें, आणि त्यांतून आपला वजा करतें. पोलीस ६० नें व समोरची गाडी ८० नें येत असतां बेरीज १४०; पण आपला वेग तिरप्या कोनामुळें ५५ च समजला, तर समोरच्याच्या माथीं ८५ येतात.

लेसरच्या यंत्रानें ‘कोणाचा वेग’ हा प्रश्न पुष्कळ सोपा केला. त्याचा न दिसणारा झोत तीनशें मीटरांवर सुमारें एक मीटरच रुंद असतो, त्यामुळें एकच गाडी निवडतां येते. हें यंत्र सूर ऐकत नाहीं. तें प्रकाशाचे क्षणिक ठोके एकामागून एक सोडतें व प्रत्येक ठोका परत येण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढतें. अंतर कसें बदलत गेलें त्यावरून वेग. तीनशें मीटर जाऊन परत येण्यास प्रकाशास सेकंदाच्या दहा लक्षांश भागांपैकीं दोनच भाग लागतात. म्हणजे पुनः अंतर आणि काळ. केवळ घड्याळ सूक्ष्म झालें. मात्र यांतही हात स्थिर पाहिजे. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यांत झोत गाडीच्या अंगावर एक मीटर पुढें-मागें सरकला, तर ताशीं जवळजवळ ११ किलोमीटरांचा खोटा फरक पडूं शकतो. असा अनियमित बदल ओळखून आंकडाच न दाखविण्याची सोय चांगल्या यंत्रांत केलेली असते.

माझ्या मतें या सर्वांत शहाणपणाची योजना कॅमेऱ्याच्या एका जुन्या पद्धतींत आहे. मॉरिस गॅटसोनिडिस हा डच मोटारशर्यतवाला. १९५३ ची माँटे कार्लो शर्यत त्यानें जिंकली होती. वळणावर आपला वेग किती राहतो हें कळून तो वाढवितां यावा म्हणून त्यानें मापनयंत्र तयार केलें, आणि त्याच्याच नांवाचे कॅमेरे पुढें जगभर वेगवान् लोकांस पकडूं लागले! ब्रिटनमध्यें या कॅमेऱ्यापुढील रस्त्यावर ठराविक अंतरानें पांढऱ्या रेघा आंखीत. रडारानें वेग अधिक दाखविला कीं अर्ध्या सेकंदाच्या अंतरानें दोन छायाचित्रें निघत. गाडीनें किती रेघा ओलांडल्या हें मोजलें कीं रडाराच्या आंकड्याचा ताळा कोणासही कागद-पेन्सिलीनें पाहतां येई. ताशीं साठ मैल असेल तर अर्ध्या सेकंदांत ४४ फूट गेलेच पाहिजेत. असा ताळा किती मोलाचा, हें २०१२ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं दिसून आलें. तांबड्या दिव्याशीं उभ्या असलेल्या एका मोटारीस ताशीं ३८ मैल वेगाबद्दल दंडाची नोटीस गेली; परंतु त्याच कॅमेऱ्याच्या चित्रांत गाडी तसूभरही हाललेली नव्हती. चित्रें नसतीं तर त्या मालकाचें कोणी ऐकलें असतें काय?

प्रत्येक मापांत थोडी अनिश्चितता राहणारच, हें कांहीं देशांनीं नियमांतच मान्य केलें आहे. जर्मनींत साधारणतः ताशीं १०० किलोमीटरांपर्यंतच्या मापांतून ३ किलोमीटर व त्यापुढें शेंकडा ३ वजा करूनच दंड ठरवितात. गाडींतील कांट्याची गोष्ट निराळी. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो खऱ्या वेगाहून कमी कधींही दाखवूं नये, अधिक थोडा दाखविला तर चालतो. तेव्हां ‘माझा कांटा तर कमीच दाखवीत होता’ ही सबब सांगणाऱ्यानें आधीं आपला कांटा तपासून घ्यावा.

आपल्या मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०२४ सालीं नवी कॅमेरा-व्यवस्था सुरू झाली. तींत जागच्या जागीं वेग पाहण्याबरोबर दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही काढतात. गाडीच्या पाटीवरील क्रमांक एका कमानीखालीं वाचावयाचा, कांहीं किलोमीटरांवर पुनः वाचावयाचा, आणि अंतरास काळानें भागावयाचें. कुंपणाआडच्या इंग्रज शिपायाचीच ही रीत. अंतर तेवढें लांब. दहा किलोमीटरांस ताशीं १०० वेगानें सहा मिनिटें लागतात. दोन्ही घड्याळांत एका सेकंदाचा फरक पडला तरी आंकडा पाव किलोमीटरानें थोडा अधिक चुकेल, इतकेंच. येथें जपावयाचें तें पाटीच्या वाचनास. ३ चा ८ वाचला गेला तर वेग अचूक आणि नोटीस दुसऱ्याच्या घरीं. म्हणून नोटीस आली कीं पालकांनीं प्रथम चित्रांतील गाडीचा क्रमांक, रंग व बनावट आपलीच आहे ना, हें पाहावें. मग स्थळ व वेळ.

या रीतीची आणखी एक मर्यादा आहे, ती गणिताच्या विद्यार्थ्यांस आवडेल. एक गृहस्थ ताशीं १२० नें दहा किलोमीटर गेले. त्यांस पांच मिनिटें लागलीं. त्याच टप्प्यांत ते एक मिनिट गाडी उभी करून चहाचा घोट घेते झाले. एकूण सहा मिनिटें. सरासरी बरोबर १००. दोन्ही घड्याळें अचूक, पाटी स्वच्छ वाचलेली, भागाकारही बिनचूक, आणि या आंकड्याच्या दृष्टीनें गृहस्थ निर्दोष.