मधल्या फळीचा खेळाडू

मुलांनो, गोल करणाऱ्या खेळाडूचे नाव सर्वांच्या तोंडी असते. पण त्याच्यापर्यंत चेंडू कोण पोचवतो? बहुधा मधल्या फळीतील खेळाडू! लुका मॉड्रिच हा असाच एक खेळाडू.

लुकाचा जन्म १९८५ साली आजच्या क्रोएशियातील झादर शहरात झाला. तो सहा वर्षांचा असताना तेथे युद्ध पेटले. त्यात त्याचे आजोबा मारले गेले. घर सोडून कुटुंबाने झादरमधील एका हॉटेलात आसरा घेतला. शहरावर तोफगोळे पडत. तरी लुका हॉटेलच्या आवारात चेंडू खेळत राही.

तो अंगाने लहानखुरा होता. म्हणून एका मोठ्या क्लबने त्याला घेतले नाही. पण लुका खचला नाही. अंगात ताकद कमी, तर नजर तेज हवी! कोणता साथीदार मोकळा आहे, हे तो चटकन हेरी आणि चेंडू नेमका त्याच्याकडे देई.

२०१२ मध्ये तो स्पेनच्या रेआल माद्रिद संघात गेला. २०१८ च्या विश्वचषकात तो क्रोएशियाचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात फ्रान्स जिंकला. पण स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू लुका ठरला.

मुलांनो, पुढचा सामना पाहाल तेव्हा गोल कोणी केला एवढेच पाहू नका. चेंडू कोणी दिला, तेही पाहा.