जिवाणू खतांची विक्री आणि गावोगावचे एजंट

जिवाणू खताचे पाकीट प्रयोगशाळेतून निघून शेतकऱ्याच्या बियाण्यापर्यंत पोचते ते बहुधा गावच्या विक्री-एजंटाच्या हातून. हा एजंट संस्थेचा पगारी नोकर नसतो. स्वतःचे दुकान, स्वतःचे भांडवल व स्वतःचा वेळ खर्चून तो कमिशनवर माल विकतो. त्याच फळीवर इतरांचाही माल मांडलेला असतो. सबब त्याच्यावर हुकूम चालत नाही. त्याने आपला माल योग्य रीतीने विकावा असे ज्या सहकारी संस्थेस अथवा शेतकरी उत्पादक कंपनीस वाटते, तिने व्यवहाराची घडीच तशी बसविली पाहिजे.

माल नाजूक आहे

जिवाणू खतात जिवंत जिवाणू असतात. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली पाकिटे राहिल्यास ते मरतात. पाकीट मात्र बाहेरून पूर्वीसारखेच दिसते. शेतकऱ्यास गुण आला नाही हे कळेपर्यंत हंगाम निघून जातो. मग तो केवळ त्या एजंटास दोष देत नाही. ‘जिवाणू खतात काही अर्थ नाही’ असा त्याचा ग्रह होतो, आणि तो पुसून काढणे फार कठीण असते.

कमिशन कशावर द्यावे?

उचललेल्या मालावरच कमिशन दिले, तर एजंट मे महिन्यात दुकान भरून घेतो आणि उरलेला माल पुढच्या हंगामात गळ्यात मारतो. हा दोष एजंटापेक्षा पद्धतीचा अधिक आहे. म्हणून कमिशनाचे दोन भाग करावेत. एक भाग विक्री होताच द्यावा. दुसरा हंगामाअखेर, विक्रीची नोंदवही व शिल्लक माल तपासून द्यावा. न खपलेली पाकिटे अंतिम तारखेपूर्वी संस्थेने परत घ्यावीत.

उदाहरणार्थ, सोयाबीनचे बियाणे एकरी सुमारे ३० किलो लागते. दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणाने ७५० ग्रॅम, म्हणजे तीन पाकिटे पुरतात. पाच पाकिटे खपविणाऱ्या एजंटास शाबासकी देणारी संस्था आपलेच गिऱ्हाईक गमावते. तसेच सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्यास चालत नाही, हेही एजंटास ठाऊक असले पाहिजे.

ज्ञान हेच भांडवल

बीजप्रक्रियेत प्रथम बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक व शेवटी जिवाणू खत हा क्रम एजंटास तोंडपाठ असावा. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे, हे त्याने प्रत्येक शेतकऱ्यास सांगावे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी २००३ साली ‘देसी’ हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. होतकरू एजंटाची फी संस्थेने काही अंशी भरल्यास तो पैसा वाया जात नाही. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ यामध्ये जिवाणू खतांचा समावेश २००६ साली झाला. तेव्हा एजंटाची आवश्यक कागदपत्रे पूर्ण करून देणे, हे संस्थेनेही आपले काम समजावे.

विश्वास कसा टिकतो?

एजंटास त्याचे गाव ठरवून द्यावे, व त्याच गावात संस्थेने आपली गाडी पाठवून कमी दराने माल विकू नये. कमिशनाचा हिशेब लेखी असावा व ठरल्या दिवशी चुकता व्हावा. खेड्यात उधारी चालतेच. तिची मर्यादा आधी ठरवावी, म्हणजे पैसे अडकल्यावर वाद होत नाहीत. खरिपापूर्वी सर्व एजंटांची बैठक घ्यावी आणि तीत त्यांच्या तक्रारी आधी ऐकाव्यात.

सर्वांत उत्तम उपाय म्हणजे एजंटाच्याच शेतात एक पट्टा जिवाणू खत लावून व एक न लावता पेरणे. सुमारे ४० ते ४५ दिवसांनी दोन्हीकडील झाडे मातीसह अलगद खणून मुळांवरील गाठी गावकऱ्यांस दाखवाव्यात. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर ती काम करीत आहे असे समजावे. ज्या जमिनीत पूर्वी सोयाबीन घेतलेले नाही, तेथे फरक अधिक ठळक दिसतो. जुन्या सोयाबीनच्या रानात तो कमी दिसेल, हेही मोकळेपणी सांगावे. स्वतःच्या रानात पाहिलेली गोष्ट एजंट मनापासून सांगतो, आणि शेतकरीही ती मानतो.