सिनेमा खोटा, मग रडू खरं कसं?



"सर, सिनेमात सगळं खोटं असतं ना? मग रडू का येतं?" चौथीतल्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. मला लगेच उत्तर देता आलं नाही. ते सापडलं ते वर्गातच, आणि तेही माझी चूक झाल्यावर. म्हणून आजचा पाठ त्यावरच.

वर्गात काय घडलं?

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भाताची कामं आटोपली की बरेच आईवडील नारायणगाव, ओतूर, मंचरकडे मजुरीला जातात. मुलं आजी-आजोबांजवळ राहतात. हे लक्षात घेऊन मी वर्गात 'श्वास' दाखवायचं ठरवलं. कोकणातल्या छोट्या परशुरामच्या डोळ्यांना कॅन्सर झालाय. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. आजोबा त्याला शहरातल्या दवाखान्यात आणतात. ऑपरेशन पुढे ढकललं जातं, तेव्हा आजोबा नातवाला गुपचूप बाहेर नेतात. का? तर दृष्टी जाण्याआधी त्याने जग एकदा डोळे भरून पाहावं!

शेवटी काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावी परत येतो. त्या वेळी मागच्या रांगेतला एक मुलगा हुंदके देऊ लागला. कोणीतरी म्हणालं, "पोरगं असून रडतंय!" वर्ग हसला. मीही सवयीने बोलून गेलो, "गप रे, मुलगे रडतात का कधी?" आणि वायर नीट करायचं निमित्त करून पाठ फिरवली. कारण माझेच डोळे भरले होते. पुढच्या रांगेतून लगेच आवाज आला, "सर पण रडतायत!"

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्या मुलाला म्हणालो, "काल माझं चुकलं." मग त्याला हळूच विचारलं, कुठे रडू आलं? तो म्हणाला, "आजोबांना दवाखान्यातलं काही कळत नव्हतं, तरी ते सगळ्यांना विचारत होते. माझे आजोबा पण मला मंचरला असंच घेऊन गेले होते."

त्या मुलीला तिचं उत्तर मिळालं होतं. पडद्यावरचे आजोबा खोटे असतील, पण त्याला आठवलेले आजोबा खरे होते.

अश्रूंचं विज्ञान

हाच धागा धरून परिसर अभ्यासही घेता येतो. अश्रू तीन प्रकारचे. पहिले डोळा सतत ओला ठेवतात. दुसरे धूर, कचरा किंवा कांद्यामुळे येतात. कांदा चिरला की त्यातून एक वायू निघतो, तो डोळ्याला झोंबतो आणि पाणी येतं. आपल्या कांद्याच्या भागातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको! तिसरे भावनेचे. वरच्या पापणीच्या आत बाहेरच्या बाजूला अश्रुग्रंथी असते. डोळ्यांतलं पाणी बारीक नळीवाटे नाकात उतरतं, म्हणून रडताना नाकही वाहतं. ही रचना मुलामुलींत सारखीच. मग मुलांनी रडू नये, हा नियम आणला कुठून?

पन्नास वर्षांचं अंतर

आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' 1953 मध्ये आला. 1954 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले आणि पहिलं सुवर्णपदक याच मराठी सिनेमाला मिळालं. त्यानंतर पन्नास वर्षांनी, 2004 मध्ये, संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. परशुराम झालेला अश्विन चितळे उत्कृष्ट बालकलाकार ठरला.

साने गुरुजींच्या पुस्तकात श्याम पोहायला जायचं टाळतो म्हणून आई त्याला मारते, आणि नंतर त्याचे वळ पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी येतं. मुलांना विचारा, मारलं तिने, मग रडली का? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

वर्गात कसं घ्याल?

1. आधी मुलांची घरं ओळखा. आपल्याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं दगावली. घरात मोठं दुःख झालेलं असेल तर तो सिनेमा त्या मुलासाठी निव्वळ सिनेमा राहत नाही. त्याला बाहेर खेळायला जायची मोकळीक द्या.
2. सिनेमा संपल्यावर लगेच 'तात्पर्य काय?' विचारू नका. पाच मिनिटं शांत बसू द्या. पाणी पिऊ द्या.
3. 'कोण रडलं?' असं विचारू नका. 'कुठला प्रसंग लक्षात राहिला आणि तेव्हा कोण आठवलं?' असं विचारा.
4. सांगायचं नसेल त्याला चित्र काढू द्या. आणि जो रडला नाही, त्याला कठोर ठरवू नका.
5. शेवटी एक छोटं काम द्या. आमच्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून 'माझ्यासाठी तुम्ही कुठे कुठे गेलात?' यावर पाच ओळी लिहिल्या.

एक महत्त्वाची नोंद

परशुरामला झालेला कॅन्सर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणं (कधी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ती कळते) किंवा तिरळेपणा ही त्याची लक्षणं असू शकतात. अंगणवाडीत वा घरी असं दिसलं तर थांबू नका, लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा. लवकर कळलं तर जीव वाचतो, अनेकदा दृष्टीही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हाही अशा मुलाकडे त्यांचं आवर्जून लक्ष वेधा.

तो मुलगा परवा पाच ओळींचा कागद घेऊन आला. आजोबांनी सांगितलेलं त्याने लिहिलं होतं. त्या दिवशी मंचरहून परतताना एसटी चुकली, म्हणून आजोबा त्याला खांद्यावर घेऊन चालत आले होते. तो झोपलेला होता, त्याला हे ठाऊकच नव्हतं.

तुमच्याही वर्गात एकदा विचारून बघा.